कीबोर्डवरची बासरी बासरीसारखी का वाटत नाही?

लग्नसराईत नागपुरातल्या कुठल्याही लॉनवर जा. वर्धा रोड असो की कोराडी रोड, मुहूर्ताच्या वेळी स्टेजशेजारच्या स्पीकरमधून सनई सुरू होते, पण सनईवाला कुठेच दिसत नाही. कोपऱ्यात एक पोरगा कीबोर्डवर बोटं फिरवत असतो. (कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याला ‘कॅसिओ’च म्हणायचं, तो भाग वेगळा.) ऐकणाऱ्याला लगेच कळतं की आवाज सनईचा आहे. आणि त्याच क्षणी हेही कळतं की ही सनई नव्हे. हे कशावरून कळलं, ते मात्र सांगता येत नाही.

गंमत म्हणजे त्याच यंत्रावर पियानोचा आवाज लावला तर तो बऱ्यापैकी पटतो. याचं कारण पियानोत आहे. पियानोच्या पट्टीवर बोट पडलं की हातोडी तारेवर आदळते, आणि त्यानंतर त्या सुराचं काय करायचं हे वादकाच्या हातात जवळजवळ उरत नाही. सूर आपोआप विरत जातो. बासरी, सनई, क्लॅरिनेट, ट्रम्पेट या सुषिर वाद्यांचं, म्हणजे फुंकून वाजणाऱ्या वाद्यांचं, बरोबर उलट असतं. सूर लागल्यावर तिथे खरं काम सुरू होतं. फुंक वाढते, कमी होते, ओठ किंचित सरकतो, बोट भोकावरून अर्धवट उठतं. कीबोर्डच्या पट्टीला यातलं काहीच कळत नाही. सगळी अडचण या एका गोष्टीतून निघते. यंत्राकडे आवाज असतो, फुंक नसते.

आधी नळीतली हवा

बासरीत वाजते ती आतली हवा. ओठांतून निघालेला पातळ झोत भोकाच्या पलीकडच्या कडेवर आदळतो आणि कधी आत, कधी बाहेर असे हेलकावे खाऊ लागतो. नळीतली हवा त्याच लयीत मागेपुढे हलते. नळी जितकी लांब, तितकी ही ये-जा संथ आणि सूर तितका खालचा. पांढरी तीनच्या, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सा असलेल्या, बासरीचा सगळी भोकं बंद केल्यावर निघणारा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) सेकंदाला सुमारे २४७ कंपनांचा, म्हणजे २४७ हर्ट्झचा असतो. २० अंश तापमानाला आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर धावतो. ३४३ ला २४७ च्या दुपटीने भागलं की हवेची लांबी येते सुमारे ६९ सेंटीमीटर. प्रत्यक्ष नळीत हवा टोकांच्या किंचित बाहेरही हलत असल्यामुळे भोकापासून टोकापर्यंतचं अंतर याहून थोडं कमी भरतं.

पण २४७ हर्ट्झचा सूर एकटा येत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर त्याच्यात मिसळलेले असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. कान ते वेगळे वेगळे ऐकत नाही, त्यांच्या मिश्रणावरून वाद्य ओळखतो. बासरीत खालचे दोन-तीन हार्मोनिक ठळक आणि वरचे झपाट्याने क्षीण होत जाणारे, म्हणून ती गोल, मऊ लागते. सनईत वरचेही भरपूर जोर धरून असतात, म्हणून ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचते.

नळीचा आकारही इथे बोलतो. पाश्चात्त्य बासरी आणि लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट, दोघांची लांबी साठ-सदुसष्ट सेंटीमीटरच्या आसपास. तरी बासरीचा सर्वांत खालचा सूर २६२ हर्ट्झचा आणि क्लॅरिनेटचा १४७ हर्ट्झचा, जवळजवळ सप्तकभर खाली. बासरी दोन्ही टोकांना उघडी असते. क्लॅरिनेटचं तोंड पत्तीने, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या रीडने, बंद झाल्यासारखं वागतं, त्यामुळे त्यात, विशेषतः खालच्या सुरांत, विषम हार्मोनिकच, म्हणजे तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचेच, जोरात येतात. सनईलाही पत्ती आहे, पण तिची नळी फुंकायच्या बाजूने निमुळती आणि पुढे रुंद होत जाणारी असल्यामुळे तिच्यात सगळे हार्मोनिक मिळतात. सिंथेसायझरवर, म्हणजे आवाज स्वतः घडवता येणाऱ्या यंत्रावर, बसताना हे डोक्यात असलं की निम्मं काम सोपं होतं.

सिंथेसायझरच्या पेटीत काय असतं?

फार काही नसतं. एक ऑसिलेटर, म्हणजे कच्चा सूर निर्माण करणारा भाग. तो ठरावीक आकाराच्या लहरी देतो. साइन लहरीत फक्त मूळ सूर, बाकी काही नाही. त्रिकोणी लहरीत विषम हार्मोनिक, पण फार क्षीण: तिसरा मूळ सुराच्या एक नवमांश, पाचवा एक पंचविसांश. चौकोनी लहरीत तेच विषम हार्मोनिक बरेच जोरात. करवतीसारख्या लहरीत सगळेच. याशिवाय नॉइज, म्हणजे सूर नसलेला नुसता ‘फस्स’ आवाज. कूलर लावला की पाण्याचा पंप चालू होण्याआधी पंख्याचा जो आवाज येतो, साधारण तसा.

पुढे फिल्टर. ही चाळणी आहे. ठरवलेल्या कंपनसंख्येच्या वरचं ती अडवते. मग एन्व्हलप: सूर किती वेळात चढायचा, कुठे स्थिरावायचा आणि पट्टी सोडल्यावर किती वेळात विझायचा, हे सांगणारा आराखडा. नळाची तोटी कोण कशी उघडतो तसं. काही जण झटक्यात, काही जण हळूहळू. शेवटी एलएफओ, म्हणजे सेकंदाला चार-सहा वेळा हलणारा एक अदृश्य हात. आवाजात थरथर आणायला तो लागतो.

रॉबर्ट मूग यांच्या साठच्या दशकातल्या सिंथेसायझरमध्येही हेच भाग होते आणि आज संगणकावर फुकट मिळणाऱ्या सर्ज एक्सटी किंवा व्हायटल या सॉफ्टवेअरमध्येही हेच आहेत. पुढची कृती यांपैकी कशावरही करता येते.

पहिले ऐंशी मिलिसेकंद

कृतीआधी एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. १९६४ मध्ये साल्दान्हा आणि कोर्सो या दोन संशोधकांनी वाद्यांच्या ध्वनिमुद्रणातली सुरुवात कापून उरलेला सूर लोकांना ऐकवला. वाद्य ओळखताना ऐकणारे बरेच जास्त चुकू लागले. म्हणजे वाद्याची ओळख मोठ्या प्रमाणात सूर लागण्याच्या त्या पहिल्या क्षणात असते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ज्याँ-क्लोद रिसे ट्रम्पेटच्या मागे लागले होते. ट्रम्पेटच्या सुराचे हार्मोनिक मोजून तेवढ्याच प्रमाणात जुळवले, तरी संगणकातून ट्रम्पेट ऐकू येईना. मग त्यांच्या लक्षात आलं की हे हार्मोनिक एकदम येत नाहीत. खालचे आधी, वरचे थोडे उशिरा. आणि आवाज वाढला की वरचे जास्त वाढतात, सूर नुसता मोठा न होता उजळतोही. सावजी मसाल्याचं तसंच आहे. जिन्नसांची यादी हाती लागली म्हणून रस्सा जमत नाही. कोणता जिन्नस तेलात केव्हा पडला, त्यावर चव ठरते.

१९८७ मध्ये आलेल्या रोलँड डी-५० या यंत्राने याचाच फायदा उचलला. त्या काळी मेमरी महाग होती. म्हणून त्यांनी सुराची फक्त सुरुवात खऱ्या ध्वनिमुद्रणातून घेतली आणि मागचा लांब भाग कृत्रिम लहरींवर भागवला. कान बऱ्यापैकी फसला.

आता बासरी बांधू या

पहिला ऑसिलेटर त्रिकोणी लहरीवर ठेवा. नुसत्या त्रिकोणी लहरीचा आवाज पोकळ, मातीच्या शिट्टीसारखा लागतो, कारण तिच्यात दुप्पट कंपनांचा हार्मोनिक नाही आणि बासरीत तो हवाच. म्हणून दुसरा ऑसिलेटर साइन लहरीवर, एक सप्तक वर, आणि पहिल्यापेक्षा १५ ते १८ डेसिबल खाली. (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप. दर ६ डेसिबलला लहरीची उंची निम्मी होते.) हे प्रमाण कानाने ठरवा. जास्त झालं की हार्मोनियमच्या दुहेरी सुरासारखं ऐकू येतं.

तिसरा जिन्नस नॉइज. हा सरळ मिसळायचा नाही. त्याला वेगळ्या फिल्टरमधून काढायचं, असा फिल्टर जो मधला एक पट्टा ठेवतो आणि वरचं-खालचं दोन्ही अडवतो. हा पट्टा वाजणाऱ्या सुराच्या सुमारे दुप्पट कंपनांवर ठेवा, आणि तो पट्टीबरोबर वर-खाली सरकला पाहिजे. या सरकण्याला की-ट्रॅकिंग म्हणतात. नॉइजची पातळी सूर चालू असताना मुख्य आवाजाच्या २५ ते ३० डेसिबल खाली, पण पहिल्या ६० ते ८० मिलिसेकंदांत त्याहून १० डेसिबल वर. ‘फू’मधला ‘फ्’ इथे तयार होतो.

मुख्य फिल्टर मूळ सुराच्या चौपट कंपनांवर, उतार मंद म्हणजे सप्तकाला १२ डेसिबल, आणि रेझोनन्स शून्य. रेझोनन्स म्हणजे चाळणीच्या काठावर आवाज फुगवणं. बासरीला तो नको, नाहीतर लगेच यंत्राचा वास येतो. की-ट्रॅकिंग ७० टक्क्यांच्या आसपास ठेवलं की वरच्या सप्तकात सूर आपोआप निर्मळ होत जातो. खऱ्या बासरीतही तसंच होतं.

एन्व्हलप: चढायला ६० ते १०० मिलिसेकंद, स्थिर पातळी ८५ ते ९० टक्के, पट्टी सोडल्यावर विझायला १०० ते १५० मिलिसेकंद. आणखी एक छोटा एन्व्हलप सुराच्या उंचीला लावा. सूर सुरुवातीला २० ते ३० सेंट उतरलेला असावा आणि ५० ते ८० मिलिसेकंदांत जागेवर यावा. हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या मिळून दोन शेजारच्या पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. फुंकेचा दाब पुरता तयार होईपर्यंत सूर खालीच असतो, म्हणून ही चाल कानाला ओळखीची वाटते.

थरथरीसाठी एलएफओ सेकंदाला पाच वेळा, साइन आकारात, आणि सूर लागल्यावर अर्ध्या सेकंदाने हळूहळू येणारा. इथे बहुतेक जण चुकतात. ते एलएफओ फक्त सुराच्या उंचीला जोडतात. बासरीची थरथर मुख्यतः फुंकेच्या दाबातून येते, म्हणून ती आवाजाच्या पातळीत (२ ते ३ डेसिबल) आणि फिल्टरमध्ये जास्त, सुराच्या उंचीत ५ ते ८ सेंट इतकीच हवी.

शेवटी यंत्राला एका वेळी एकच सूर वाजवायला सांगा. सेटिंगमध्ये ‘मोनो’ आणि ‘लेगाटो’ असतं. लेगाटोत पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तर ‘फ्’ पुन्हा येत नाही, सूर सलग सरकतो. सरकण्याचा वेळ ४० ते ६० मिलिसेकंद. सभागृहाचा घुमारा दीड सेकंदाचा, पण अगदी १५-२० टक्के. घुमारा वाढवून वाईट बासरी झाकली जाते खरी, पण मग ती लॉनच्या मागच्या भिंतीपलीकडून आल्यासारखी लागते.

एवढं करूनही बिघडतं, ते कुठे?

सर्वांत आधी पल्ल्यात. पांढरी तीनची बासरी मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत, म्हणजे दोन सप्तकं, आरामात वाजते. कीबोर्डवर मात्र पाच सप्तकं मोकळी पडलेली असतात. डाव्या हाताने खर्जात उतरलात की तिथे कुठलीच बासरी उरत नाही. तसंच दोन सूर एकदम वाजवले की भ्रम संपला.

दुसरी चूक श्वासाची. चाळीस सेकंद न थांबता बासरी वाजली तर ऐकणाऱ्याच्या छातीला ते जाणवतं. वाजवताना स्वतःच्या तोंडाने हळू श्वास सोडत राहा. श्वास संपला की बोटं उचला, तिसरा हिस्सा किंवा अर्धा सेकंद घ्या, मग पुढची ओळ. या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या आवाजांच्या पॅकने पडत नाही.

तिसरी गोष्ट घर आणि मैदान यांतल्या फरकाची. घरी हेडफोनवर नॉइजची पातळी अगदी छान जुळते. लॉनवर जनरेटर, कूलर आणि पाहुण्यांच्या गप्पांत ती पूर्ण बुडते आणि उरतो तो नुसता शिट्टीसारखा सूर. तिथे नॉइज ४ ते ६ डेसिबलने वाढवावा लागतो. उलट स्पीकरचे वरचे भोंगे तिखट असले तर तीच पातळी साप फुत्कारल्यासारखी लागते. धुमालच्या, म्हणजे वरातीतल्या फिरत्या बँडच्या, गाडीवर तर सगळं इतकं ताणलेलं असतं की लहरींचे माथेच कापले जातात. माथा कापला की नवे हार्मोनिक तयार होतात आणि बासरीची क्लॅरिनेट होऊन जाते. तिथे पॅचमध्ये, म्हणजे आपण बांधलेल्या आवाजाच्या सेटिंगमध्ये, दोष शोधू नये, आवाज कमी करावा. अर्थात ते कोण ऐकणार!

सनई आणि क्लॅरिनेटसाठी काय बदलायचं?

क्लॅरिनेट सोपा आहे. चौकोनी लहर, फिल्टर मूळ सुराच्या सहा-आठपट, चढायला ३० ते ४० मिलिसेकंद, नॉइज अगदी नावाला, थरथर बंद. खालच्या सप्तकात तर फसवणूक जवळजवळ पूर्ण होते.

सनई कठीण. चौकोनी लहर अरुंद करा. एका फेऱ्यातला जेमतेम १० ते १५ टक्के वेळ वर राहणारी लहर घेतली की सम-विषम दोन्ही हार्मोनिक जोरात येतात. फिल्टर बराच उघडा. मग दोन ठिकाणी आवाज ६ ते ८ डेसिबल फुगवा. सनई ओबो या पाश्चात्त्य वाद्याच्या जातीची आहे, आणि ओबोत हे ठळक पट्टे साधारण ११०० आणि ३००० हर्ट्झच्या आसपास सापडतात. तिथून सुरुवात करून कानाने सरकवत जा. महत्त्वाचं हे की हे पट्टे जागेवर स्थिर राहिले पाहिजेत. इथे की-ट्रॅकिंग लावलं तर प्रत्येक सुरागणिक वाद्यच बदलल्यासारखं वाटतं.

आणि लग्नातली सनई एकटी नसते. शेजारी एक जण नुसता षड्ज धरून बसलेला असतो, तो ‘सूर’ देणारा. कीबोर्डवाले त्याला हमखास विसरतात. दुसऱ्या चॅनेलवर तोच आवाज थोडा मंद करून सलग सा धरला की मांडव उभा राहतो.

पण तयार सॅम्पल आहेत ना, मग ही खटपट कशाला?

रास्त प्रश्न. सॅम्पल म्हणजे खऱ्या वाद्याच्या एकेका सुराचं ध्वनिमुद्रण. कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी होती, साधारण आठ सेकंदांची. त्यातली बासरी खरीच बासरी होती. आज ऑर्केस्ट्रात दिसणाऱ्या रोलँड एक्सपीएस-१० सारख्या कीबोर्डमध्येही बासरी-सनई सॅम्पलवरच चालते.

सुटा एक सूर ऐकला तर सॅम्पलला तोड नाही. पण सॅम्पल हा फोटो आहे, आणि पासपोर्टचे फोटो ओळीने चिकटवून माणूस चालताना दाखवता येत नाही. सा वेगळा मुद्रित झाला, रे वेगळा. सा कडून रे कडे जाताना बासरीत जे घडतं ते दोन्हींत नाही. तोच सूर चार वेळा वाजवला की चारही वेळा हुबेहूब तोच श्वास ऐकू येतो, आणि तिसऱ्या वेळी कान सावध होतो. शिवाय प्रत्येक पट्टीसाठी वेगळं मुद्रण नसेल तर एकच सूर ताणून चार-पाच पट्ट्यांना वापरतात. चार पट्ट्या वर ताणला की तो २६ टक्के वेगाने धावतो, आणि त्यातली पाचची थरथर सव्वासहाची होते. घाबरलेल्या बकरीसारखी सनई ऐकली असेल, तर ती बहुतेक अशीच ताणलेली.

बरोबर मार्ग दोन्हींचं मिश्रण करण्याचा आहे. सुरुवात सॅम्पलची, मधला भाग बांधलेल्या लहरींचा किंवा नीट नियंत्रित केलेल्या सॅम्पलचा. आणि त्यावर फुंक.

फुंक आणायची कुठून?

१९८३ मध्ये वाद्य कंपन्यांनी यंत्रांची एक समान भाषा ठरवली, तिचं नाव मिडी. कीबोर्ड या भाषेत मुख्यतः तीन गोष्टी सांगतो: कोणती पट्टी, किती वेगाने दाबली, केव्हा सोडली. मधल्या काळाबद्दल तो गप्प. पण भाषेत सोय आहे. नियंत्रक क्रमांक २ फुंकेसाठीच राखलेला आहे, ११ आवाजाच्या चढउतारासाठी.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक्स्प्रेशन पेडल. पायाने तो क्रमांक ११ पाठवतो. फक्त आवाज वर-खाली करून थांबू नका. तोच पेडल फिल्टरलाही जोडा, म्हणजे फुंक वाढली की सूर उजळेल. नॉइजलाही थोडा जोडा. आणि सुराच्या उंचीला १०-१५ सेंट, कारण जोरात फुंकलं की बासरी चढते. एका पायाने चार गोष्टी एकदम हलल्या की आवाजात जीव येतो. पेडल नसेल तर कीबोर्डच्या डावीकडचं मॉड्युलेशनचं चाक तेच काम करतं.

त्याच्या पुढची पायरी ब्रेथ कंट्रोलर. तोंडात धरायची छोटी नळी, जी श्वासाचा दाब मोजून यंत्राला कळवते. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ मध्ये तिच्यासाठी वेगळं भोक होतं. अकाईने १९८७ मध्ये तर अख्खं फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्यच आणलं, ईडब्ल्यूआय, आणि रोलँडचा एअरोफोन २०१६ मध्ये आला. इथे एक तांत्रिक खोच आहे. मिडीत फुंकेच्या फक्त १२८ पायऱ्या आहेत. हळू फुंकेत त्या पायऱ्या करकर ऐकू येतात. सॉफ्टवेअरमध्ये १० ते २० मिलिसेकंदांचं स्मूदिंग, म्हणजे पायऱ्या घासून सलग करणं, लावलं की ती करकर जाते. त्याहून जास्त लावलं तर वाद्य सुस्त होतं. आणि संगणकाचा बफर, म्हणजे बाहेर सोडण्याआधी तो आवाजाचा जो साठा करतो तो, २५६ सॅम्पलच्या वर नेऊ नका. (इथे सॅम्पल म्हणजे मुद्रण नव्हे, लहरीचं एकेक मोजमाप.) सेकंदाला ४४,१०० मोजमापांच्या वेगाने एवढ्या बफरमुळे सुमारे ६ मिलिसेकंद उशीर होतो, तो चालतो.

आणखी एक वाट आहे, आवाजाऐवजी वाद्यच गणितात बांधण्याची. झोताला कडेपर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि नळीतून आवाज जाऊन परत यायला लागणारा वेळ, अशा दोन विलंबांचं गणित संगणकात चालवलं की सूर स्वतःहून निर्माण होतो. फुंक वाढवली, म्हणजे पहिला विलंब कमी केला, की सूर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. तो सूर कोणी मुद्रित केलेला नसतो, तो त्या गणितातूनच येतो. यामाहाचा व्हीएल-१ हे असं पहिलं बाजारी यंत्र १९९४ मध्ये आलं. एका वेळी जेमतेम दोन सूर वाजवणारं हे यंत्र फुंकेशिवाय वाजवलं की मुकं किंवा बेसूर व्हायचं, खऱ्या वाद्यासारखंच.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हे सगळं जुनं झालं का, असं हल्ली विचारलं जातं. गुगलच्या मॅजेंटा गटाने २०२० मध्ये गुणगुणणं घेऊन त्याची बासरी करून देणारं तंत्र लोकांसमोर ठेवलं. ते चांगलं चालतं. पण ते माणसाच्या आवाजातून काय घेतं, तर सुराचा आणि जोराचा चढउतार. म्हणजे फुंक तिथेही माणसाचीच.

मींड आणि गंधार

कीबोर्डवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही, असं संगीत शिकलेले हमखास म्हणतात. येते, पण पट्टीतून नाही. पिच-बेंडच्या, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या, चाकातून येते. मिडीत त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, त्यामुळे बारकाईची कमतरता नाही. खरी अडचण चाकाच्या पल्ल्याची. नेहमीचा पल्ला दोन पट्ट्यांचा असतो, आणि प वरून ग ची मींड घ्यायला तीन पट्ट्या लागतात. पल्ला पाचवर ठेवा आणि चाक हळू फिरवण्याचा सराव करा. बासरीवर बोट भोकावरून सरकतं तेव्हा सूर एकसारख्या वेगाने सरकत नाही. सुरुवातीला रेंगाळतो, मग धावतो. चाकही तसंच फिरवायचं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कीबोर्डचे बारा सूर समान अंतरावर असतात, तानपुऱ्याशी जुळणारे नसतात. कीबोर्डचा शुद्ध गंधार स्वाभाविक गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. पुष्कळ कीबोर्डमध्ये ‘स्केल ट्यूनिंग’ असतं. आपला सा ठरवून त्याच्यापासून शुद्ध ग १४ सेंट, शुद्ध ध १६ आणि शुद्ध नी १२ सेंट उतरवा. कोमल ग १६ आणि कोमल ध १४ चढवा. पंचम-मध्यमाचा फरक दोन सेंटचा, तो सोडून दिला तरी चालतं. सा बदलला की हे सगळं पुन्हा लावावं लागतं, हे विसरू नका. नाहीतर पुढच्या गाण्यात भलतेच सूर उतरलेले सापडतील.

खरी बासरी आणि कीबोर्ड एकत्र असतील तर

हा प्रश्न नागपुरात नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, जास्त पडतो. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो: १० अंशाला सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४५ अंशाला सुमारे ३५७. नळी तेवढीच, पण हवा वेगवान. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत हा फरक हिशेबाने सहा टक्के, म्हणजे जवळजवळ एक अख्खी पट्टी भरतो. प्रत्यक्षात नळीत फुंकेची ऊब आधीच असते, म्हणून बासरी इतकी सरकत नाही, पण कान खटकण्याइतकी नक्की सरकते. आजचा कीबोर्ड क्वार्ट्झ स्फटिकावर चालतो, त्याला ऊन-थंडीचा पत्ता नसतो. (१९७० चा मिनीमूग असता तर तोही उन्हात सरकला असता, आणि कदाचित उलट दिशेने.)

म्हणून जुळवायचं ते कीबोर्डने. बासरीवाल्याला स्टेजवर, जिथे तो कार्यक्रमात बसणार तिथेच, पाच मिनिटं वाजवू द्या. नळी ऊबदार झाल्यावर त्याचा सा घ्या आणि कीबोर्डचं मास्टर ट्यून, म्हणजे सगळे सूर एकदम चढवणारं-उतरवणारं सेटिंग, त्याच्याकडे सरकवा. हे बहुधा ४४० हर्ट्झवर असतं. तिथे एक हर्ट्झ म्हणजे सुमारे चार सेंट, म्हणजे ४४५ केलं तर वीस सेंट चढलं. मध्यंतरानंतर पुन्हा एकदा तपासा, कारण रात्री दहाला हवेचं तापमान उतरलेलं असतं आणि त्याबरोबर बासरीही. आणि कूलरचं तोंड बासरीवाल्याकडे करू नका. त्याच्या ओठांपासून कडेपर्यंतचा झोत जेमतेम बोटाच्या जाडीएवढ्या अंतराचा असतो. आडवा वारा लागला की तो कडेवरून हुकतो आणि सूर फुटतो. कूलर कीबोर्डवाल्याकडे वळवा, त्याच्या सुराला वाऱ्याने काही होत नाही.